पहिल्या पेटीची ओटी

आपण भाकरी तोंडाजवळ नेतो, अक्का ती कानाजवळ न्यायची. कडक भाकरी. ज्वारीची, पापडाला लाजवील अशी पातळ, वर तीळ लावलेली. डोळे मिटून ती कानाशी धरायची आणि दोन बोटांनी मोडायची. कट्‌ आवाज आला की डोळे उघडायचे. "बोलली. भरा पेटीत." आवाज बसका आला की म्हणायची, "मुकी हाय गं ही. ठेव बाजूला, आपण खाऊ."

मुक्या भाकऱ्या आम्ही बायका दुपारी पिठल्याबरोबर खायचो. बोलणाऱ्या परदेशी जायच्या.

तिचा बाप कमठाण्याकडं मेंढरं राखायचा. घंटीच्या आवाजावरून त्याला कळायचं म्हणे, कळपात कुठलं जनावर लंगडतंय. हिनं मेंढरं सोडली आणि भाकऱ्या धरल्या, कान मात्र बापाचाच राहिला. आम्ही तिला अक्का म्हणायचो. तिचं खरं नाव पुढं पेट्यांवर छापलं गेलं, पण आमच्या कुणाच्या तोंडी ते कधी बसलं नाही. म्हणून इथंही घेत नाही.

मी तिच्याकडं कामाला लागले तेव्हा चाळिशीतली होते आणि सगळ्या बीदरात शहाणी होते. हे दुसरं कुणी म्हणत नव्हतं, मीच म्हणायची. बी.ए. झालेली. इंग्रजीत काठावर पास, ते कुणाला सांगितलं नव्हतं. वर चष्मा लावायची. त्या चष्म्याला नंबर नव्हता हो! शिकलेली दिसावी म्हणून साध्या काचा बसवून घेतल्या होत्या. आता खरा नंबर आहे, बाटलीच्या बुडाएवढ्या काचा आहेत, आणि नात म्हणते, "आजी, चष्मा काढ, घुबड दिसायलीस."

माझे मालक बीदरलगतच्या कोळारच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथंच पलीकडं अक्काची पत्र्याची शेड. परदेशाचे कागद लिहायला तिला बाई पाहिजे, असं त्यांनी ऐकलं आणि मला घेऊन गेले.

"इंग्रजी येतंय?" अक्कानं विचारलं.

"बी.ए. हाय मी."

"ते व्हय. पण इंग्रजी येतंय का?"

"येतंय की."

तिनं माझ्याकडं बघितलं, चष्म्याकडं जरा जास्तच बघितलं, आणि एक भाकरी हातात दिली. मी लगेच चावा घेतला. सगळ्या बायका खो खो हसल्या. "आधी ऐकायची असती गं," अक्का म्हणाली. त्या दिवसापासून तिनं माझं नाव 'बी.ए.' ठेवलं. "बी.ए., पाणी दे." "बी.ए., पीठ संपलं बघ." एवढी मोठी पदवी, आणि हाक मारायच्या कामाला आली.

शेडमध्ये सहा तवे आणि अकरा बायका. माल हैदराबादच्या एका व्यापाऱ्याला जायचा. तो आमच्या भाकऱ्या स्वतःच्या पिशवीत घालून बाहेर देशी पाठवायचा. पिशवीवर एका मिशीवाल्याचं चित्र. तसली एक रिकामी पिशवी अक्कानं भिंतीला खिळ्यानं ठोकून ठेवली होती. थापून थापून हात भरून आले की तिच्याकडं बघून म्हणायची, "ह्या मिशीवाल्यानं जल्मात एक तरी भाकर थापली असंल का गं?"

तिला दुसरं काही नको होतं. आपला माल आपल्या नावानं जावा, एवढंच.

एक दिवस मस्कतहून फोन आला. फोनवरची बाई मूळची कलबुर्गीकडची, आईला अव्वा म्हणणारी. लग्न होऊन तिकडं गेली, आता वाणसामानाचं स्वतःचं दुकान चालवत होती. मिशीवाल्याच्या पिशवीतली भाकरी तिनं खाल्ली, आणि ही थापते कोण याचा आपल्या भावाकरवी शोध लावला. शेडमधला तो जुना फोन असा की पलीकडचं बोलणं दोन हातांवरून ऐकू यायचं.

"अक्का, तुमच्या भाकरीला आमच्या अव्वाच्या तव्याचा वास हाय बघा. मला मिशी नको. तुम्हीच पाठवा, तुमच्या नावानं."

अक्कानं फोन ठेवला आणि पिठाच्या पोत्यावर बसली. मग म्हणाली, "बी.ए., कागद लिही."

मला पाठ असलेलं इंग्रजी पत्र एकच, शाळेतल्या रजेच्या अर्जाचं. त्याच चालीवर मी मस्कतला पत्र लिहिलं. खाली 'आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी' असंही लिहून गेले. पत्र पोचल्यावर मस्कतच्या बाईंचा फोन आला, "अक्का, तुमच्याकडं शाळकरी पोरी हायेत काय ओ कामाला?" अक्का म्हणाली, "एक हाय. चाळीस वर्सांची."

आता माझी खरी हुशारी सांगते.

पहिला माल भरून तयार झाला. पेट्यांवर अक्काचं नाव, हिरव्या अक्षरांत. ती कागद घेऊन पहाटेच्या गाडीनं हैदराबादला एजंटाकडं गेली होती. दुपारी ट्रक यायचा होता. मी बायकांना गोळा केलं.

"लेक पैल्यांदा समुद्रापार जायलीय," मी म्हणाले. "तिला रिकाम्या ओटीनं धाडायची काय?"

सगळ्यांना पटलं. न पटायला काय झालं? आपल्याकडं लेक सासरी निघाली की ओटी भरतोच. एक जण तेवढी म्हणाली, "अक्का येऊ दे की. त्यांच्यासमोरच भरू."

मी चष्मा वर सरकवला. "अक्काला चालतंय का ओटी भरायला? पैल्या मालाला अपशकुन नको."

अक्काचं लग्न सोळाव्या वर्षी झालं होतं आणि एकोणिसाव्या वर्षी कपाळ मोकळं झालं होतं. बी.ए. झालेली बाई म्हणते म्हणजे बरोबरच असणार.

खण मी आणला, हिरवा, लाल काठाचा. नारळ, हळकुंड, सुपारी. तांदूळ माझ्या घरच्या डब्यातले, मी स्वतः निवडलेले. तोच तो बिननंबरचा चष्मा लावून. पहिल्या पेटीत भाकऱ्यांवर ओटी ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि पेटी चिकटवून टाकली. याच मालाच्या कागदावर आदल्या दिवशी मीच माझ्या अक्षरात लिहून दिलं होतं, की आत भाकरी आणि शेंगाची चटणी आहे, सुटं धान्य नाही. त्याचा आणि ओटीचा संबंध माझ्या डोक्यात आलाच नाही. ओटी म्हणजे काय माल असतो?

काही आठवड्यांनी एजंटाचा फोन आला. तो पक्का हैदराबादी. "अम्मा, नारियल कायकू डाले डब्बे में? चावल भी डाले, चावल में जिंदा कीडा! पूरा माल जला दिये वो लोगां!"

अक्कानं तवे बंद करायला लावले. "पेटीत ओटी कुणी भरली?" तिनं विचारलं.

अकरा बायका तव्याकडं बघत राहिल्या. मी कागदांकडं. माझ्या बोलण्यावर त्या अकरा जणींचं पोट अडलेलं होतं, आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती. एरवी अशी वळवळायची की मालक म्हणायचे, हिला भाकरीबरोबर वाढा.

तेवढ्यात मस्कतहून फोन वाजला.

"अक्का, हे काय झालं ओ? बंदरावरचा साहेब मला विचारायलाय, हा जादूटोणा हाय काय म्हणून. काय सांगू मी त्याला?"

अक्कानं डोळे मिटले. भाकरी ऐकताना मिटायची तसेच. "ओटी हाय ती, बाई," ती म्हणाली. "मी भरली. आपला पैला माल म्हणून."

माझ्या शेजारच्या बाईनं तोंडाला पदर लावला. अक्का आणि ओटी!

पलीकडून हळूच आलं, "खण कसला व्हता, अक्का?"

अक्काला कुठं ठाऊक? ती आमच्याकडं वळली. एकेकीच्या तोंडाकडं बघत चालली. माझ्यापाशी आली तेव्हा माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "हिरवा."

"हिरवा," अक्कानं फोनवर सांगितलं.

"काठ?"

आता ती फक्त माझ्याकडं बघत होती. "लाल," मी म्हणाले.

"लाल व्हता, बाई."

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला. "पंधरा वर्सं झाली मला इकडं येऊन. अव्वा गेल्यापासून माझी ओटी कुणी भरली न्हाई बघा. आणि आली ती बी जाळली मेल्यांनी." मग घसा साफ करून, "परत पाठवा. आता नुस्त्या भाकऱ्याच पाठवा, काय?"

अक्कानं फोन ठेवला. मी वाट बघत उभी होते. एक शिवी दिली असती, एक पिठाचा हात पाठीत हाणला असता, तर मी सुटले असते. ती म्हणाली, "बी.ए., कागद लिही." पुढं अठरा वर्षं ती त्यावर एक अक्षर बोलली नाही.

दुसरा माल नीट पोचला. तिसराही. मिशीवाल्याची पिशवी भिंतीवरून उतरली. आणि दर शुक्रवारी दुपारी मस्कतहून फोन यायला लागला.

"किती पेट्या?"

"चाळीस द्या ओ, अक्का."

धंद्याचं बोलणं एवढंच. पण फोन अर्धा-पाऊण तास चालायचा. आज भाजी काय केली, कुणाचा गुडघा दुखतो, तिकडच्या अंबाडीच्या भाजीला आंबटपणाच कसा नाही. अक्का हसायची, ती तेवढ्यापुरतीच. सगळं तोंड उघडून, मागचे दात दिसतील अशी. फोन ठेवला की पदरानं तो पुसायची, मग तोंड पुसायची, आणि पुसून झालेल्या तोंडावर हसण्याचं काही उरलेलं नसायचं.

मी कागदात डोकं घालून ऐकत असे आणि मनात जळत असे. खरं सांगते. ओटी माझी, आणि मैत्रीण हिला मिळाली! मस्कतच्या बाई मधूनच म्हणायच्या, "तुम्ही माझी ओटी भरली, अक्का, मी कशी विसरू?" तेव्हा अक्का भिंतीवरच्या त्या खिळ्याकडं बघायची आणि म्हणायची, "ते ऱ्हाऊ द्या, अंबाडीचं सांगा." मला वाटायचं, चोरट्यासारखं वाटतंय हिला. शहाणी होते ना मी.

नौबादला तिच्या दोन खोल्या होत्या. एकदा कागदावर सही घ्यायला मी गेले होते. फळीवर एक ताट, एक वाटी, एक तांब्या. दोन नव्हे, एकेक. मला पाणी तांब्यानंच दिलं. ती उभ्यानं जेवत होती. "बसून खावा की," मी म्हणाले. "एकटीनं बसलं की जेवण लांबतंय," ती म्हणाली.

संक्रांतीला ती सगळ्यांना अर्धा दिवस सुटी द्यायची, पगारासकट. "जावा गं, वाण घेऊन या." आम्ही कपाळं माखून, ओट्या भरून दुसऱ्या दिवशी यायचो, तर एकेकीला विचारायची, "तुला काय मिळालं? आणि तुला?" कंगवा, गाळणं, साबणदाणी. हातात घेऊन बघायची. साबणदाणीत काय बघायचं असतं? पण बघायची.

मग माझे मालक गेले. अक्का तेराव्याला आली, माझ्याजवळ बसून गेली. त्यानंतरच्या संक्रांतीला शेड दुपारी रिकामी झाली. मी कुठं जाणार? राहिले. आम्ही दोघी समोरासमोर पेट्या भरत बसलो. पत्र्यावर चिमण्यांची नखं वाजत होती, तेवढाच आवाज. संक्रांतीच्या दुपारी त्या शेडमध्ये किती शांत असतं, ते मला त्या दिवशी कळलं. ती इतकी वर्षं हेच ऐकत होती, आणि मी कंगवे मोजत होते.

तीन वर्षांपूर्वी मस्कतच्या बाईंनी एका शुक्रवारी सांगितलं, "अक्का, दुकान देऊन टाकायलेय. लेकीकडं जाणार, कॅनडाला, कायमचं. त्याच्याआधी कलबुर्गीला येते आठ दिवस. एक दिवस तुमच्याकडं. तोंड तर बघू एकमेकींचं! आणि माझी ओटी भरा. तुमच्या हातची."

अक्का "व्हय, व्हय, या की" म्हणाली. आणि पुढं तीन दिवस मुक्या भाकऱ्याही पेटीत जात राहिल्या. तिचं ध्यानच नव्हतं.

चौथ्या दिवशी मला म्हणाली, "बी.ए., तिची ओटी तू भर."

"मी कशी भरू, अक्का? मी बी आता..."

"व्हय की. मग दुसरी कुणी बघू."

"त्यांनी तुमच्या हातची मागितलीय."

"माझ्या हातची तिला कवाच मिळाली न्हाई. तुझ्या हातची व्हती ती."

अठरा वर्षांनी ती ते बोलली. मी म्हणाले, "अक्का, माझं चुकलं."

"काय चुकलं? भरलीस ते, का मला सोडून भरलीस ते?"

रागानं विचारलं असतं तर बरं. तिनं खरोखरच विचारलं होतं, पीठ चाळता चाळता. ती चाळतच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बाजारात गेली. येताना खण आणला. जांभळा. "हिरवा तुझा व्हता," म्हणाली, "ह्यो माझा." मग तांदूळ परातीत ओतून उन्हात बसली आणि दाणा न् दाणा निवडला. मी आपली बघत होते. भरायचं ठरलं होतं तर! आमच्यातल्या एकीनं कुजबुज केली, तिला अक्का म्हणाली, "तिनं मागितलीय. मी देणार. ज्याला चालत न्हाई त्यानं तवढा वेळ भाईर जाऊन बसावं." कुणी बाहेर गेलं नसतं. अठरा वर्षांपूर्वीही गेलं नसतं बहुतेक. मीच विचारलं नव्हतं.

ठरल्या दिवशी शेड झाडून घेतली. अक्का नवं लुगडं नेसली, पाट मांडला, ताट झाकून ठेवलं. ज्वारीच्या पिठाचा हात लुगड्याला लागू नये म्हणून दिवसभर तिनं कशाला हात लावला नाही. अकरा वाजले, दोन वाजले, चार वाजले. फाटकाशी गाडी वाजली की उठायची, बसायची.

साडेचारला फोन आला. "अक्का, काय सांगू ओ! पावण्यांनी सोडलंच न्हाई. हुमनाबादचा तुमच्याकडचा फाटा मागं पडला, आता वळता यायचं न्हाई, हैदराबादचं विमान चुकतंय. पुढल्या वेळंला नक्की येते बघा. रागावू नका."

"रागाचं काय त्यात. सावकास जावा," अक्का म्हणाली. "थंडी लई असती म्हणं तिकडं. डोक्याला बांधा."

बायका एकेक करत घरी गेल्या. मी तवे झाकत होते. अक्का पाटाकडं बघत उभी होती. मग ताटावरचं फडकं तिनं काढलं.

"बी.ए., हिकडं ये. बस."

"कशाला?"

"पदर पसर."

"मला चालत न्हाई, अक्का."

"कोण म्हणतंय?"

कोण म्हणत होतं ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी पाटावर बसले.

तिला ओटी भरायची सवय कुठली? आधी नारळ ठेवला, मग काढला, मग खण, पुन्हा नारळ. हळकुंड ताटातच राहिलं. कुंकवाच्या करंड्याकडं दोघींनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. तांदळाची ओंजळ भरून आणली आणि निम्मे दाणे माझ्या पायाशी सांडले. "चुकलं काय गं?" तिनं विचारलं.

"न्हाई अक्का. असंच असतंय."

तसं नसतं. पण मी जन्मात एवढं एक खोटं शहाणपणाचं बोलले.

मग ती खाली बसली आणि सांडलेले दाणे तळहातानं गोळा करू लागली. "सुटं धान्य नको बाई शेडात," म्हणाली, आणि हसली. मागचे दात दिसतील अशी. शुक्रवार नव्हता तरी.

त्यानंतर शुक्रवारचा फोन आला नाही. कॅनडात तेव्हा पहाट असते म्हणे. दुकानाचा नवा मालक पेट्यांचा आकडा कॉम्प्युटरवर पाठवायचा, त्याला अंबाडीशी काही देणंघेणं नव्हतं. अक्का तरी दुपारी फोन जवळ घेऊन बसायची. वर्षभरात, संक्रांतीच्या आधी, नौबादच्या त्या खोलीत झोपेतच गेली. शेजारणीनं दार वाजवलं तेव्हा कळलं. शेडमध्ये आता कुणाचे तरी पाइप ठेवलेले असतात.

लोक मला विचारतात, कडक भाकरी परदेशी पाठवणारी ती बाई तुम्ही बघितली होती म्हणे? बघितली की. तुम्हीही तुमच्या गावात बघितली असेल अशी एखादी.

त्या संध्याकाळी ओटीचा पदर दोन्ही हातांनी सांभाळत मी फाटकाबाहेर आले आणि रिक्षात बसले. माझ्या पदरात खण होता, नारळ होता, निवडलेले तांदूळ होते. आत ती मोकळ्या हातांनी उभी होती. उलट तिची ओटी मी भरायची, हे मला सुचलं ते रिक्षा वळल्यावर. सोळा अधिक तीन, एकोणीस. तेव्हापासून तिची कुणी भरली नव्हती. रिक्षावाल्याला 'थांब' म्हणावं असं आलं होतं ओठांवर. मग म्हटलं, उद्या भरू.

उद्या चाळीस पेट्या जायच्या होत्या.